बाबांना उठवताना

मी रोज पहाटे साडेचारला उठतो. तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पितो, तलावाच्या पाळीवरून चालून येतो, अंगणात सतरंजी टाकून श्वासाकडे लक्ष देत बसतो, बुद्धवंदना म्हणतो आणि मग चार पानं काहीतरी वाचतो. सिंदेवाहीत बरेच जण मला यावरूनच ओळखतात. "सर, तुमची शिस्त म्हणजे शिस्त," असं कोणी म्हणालं की मी हसून विषय बदलतो. समोरच्याला वाटतं, माणूस विनयी आहे. खरं म्हणजे त्या वेळी मला माझे वडील आठवतात आणि तिथून उठून जावंसं वाटतं.

ही सवय लागली तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पस्तिशीचा होतो, इथल्याच एका शाळेत शिक्षक. स्वभाव फार तापट. वर्गात खडू फेकून मारायचो, घरी ताट सरकवून उठायचो. पोटात सदा जळजळ. एकदा भातात खडा निघाला तर मी बायकोच्या माहेरच्यांचा उद्धार करण्यापर्यंत जाऊन पोचलो. तिनं तो खडा उचलून बाहेर टाकला. पण आमची लेक, तेव्हा सहा-सात वर्षांची, जेवता जेवता उठली, आजोबांच्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली. मी हातातला घास खाली ठेवला. माझ्या लेकराला माझ्यापासून कडी लावावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच सुमारास एका सहकाऱ्यानं चंद्रपूरच्या शिबिराबद्दल सांगितलं. जटपुरा गेटच्या बाजूला एका मंगल कार्यालयात दोन दिवस, राहणं-जेवणं तिथंच. बोलणारे गृहस्थ पांढऱ्या कपड्यातले, आवाज अगदी हळू, तरी मागच्या खुर्चीपर्यंत पोचणारा. पहाटेचा वेळ जो स्वतःला देतो, त्याचा दिवस त्याच्या ताब्यात राहतो, असं ते म्हणाले. त्यांनी सगळं शिकवलं. पाणी कसं प्यायचं, कसं चालायचं, कसं बसायचं, मनात राग आला तर श्वास कुठं अडकतो ते कसं बघायचं. शेवटी त्यांनी आम्हा सगळ्यांकडून एक वाक्य तीनदा म्हणून घेतलं. "आधी स्वतः उठा, मग घर उठवा, मग गाव उठवा."

मी परतीच्या बसमध्ये ते वाक्य वाटेतल्या मूल गावापर्यंत मनात घोळवत आलो.

आणि खोटं कशाला सांगू, मला फरक पडला. महिनाभरात जळजळ कमी झाली. खडू हातातच राहायला लागला. बायकोवर ओरडण्याची वेळ आली की मी श्वास बघायचो आणि तो बघता बघता ओरडणं निघून जायचं. लेक पुन्हा माझ्या ताटाजवळ बसायला लागली. यातलं काहीच मी आजही नाकारत नाही. पण वाक्याचा पहिला भाग साधला, म्हणून मी दुसऱ्याकडे वळलो. घर उठवायचं होतं.

बायकोला सांगून पाहिलं. ती भांडी घासत होती.

"मी पाचले उठतोच ना," ती म्हणाली. "नळ कोण भरते? डबा कोण करते?"

"तसं उठणं वेगळं. हे स्वतःसाठी उठणं."

"मंग एक काम करा. तुमी नळ भरा, मी स्वतःसाठी उठतो."

ती हसली, मी हसलो नाही. तिला हे समजणार नाही असं ठरवून मी बाबांकडे वळलो.

बाबा म्हणजे माझे वडील. माजरीच्या कोळसा खाणीत त्यांनी सारी उमर काढली. जमिनीखालचं काम. पाळी दर आठवड्याला बदलायची. एक हप्ता सकाळची, एक दुपारची, एक रातची. आमच्या क्वार्टरच्या खिडकीला कायम गोणपाट ठोकलेलं असायचं, कारण रातपाळीचा हप्ता असला की त्यांना दिवसा झोपावं लागायचं आणि माजरीत उन्हाळ्यात दिवसा कोण झोपणार? खाणीचा भोंगा वाजला की ते उठायचे. न वाजता उठले असं मला आठवत नाही आणि वाजूनही उठले नाहीत असंही आठवत नाही. आई गेली, बहिणीचं लग्न होऊन ती भद्रावतीला गेली, मग बाबा रिटायर झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. एक पेटी आणि वळकटी घेऊन ते माझ्याकडे आले. बहीण त्यांना बोलावत होती, जावईही चांगला होता. पण बाबांचं ठरलेलं होतं. "पोराच्या घरी राहीन. तिथंच मरीन." त्या जमान्यातल्या माणसाला हेच बरोबर वाटायचं आणि मलाही त्याचा अभिमान होता.

माझ्या घरी आल्यावर ते काय करत होते? झोपत होते. रात्री जेवण झालं की झोपायचे, ते सकाळी साडेआठला उठायचे. पूर्वेच्या खिडकीतून ऊन येऊन त्यांच्या पायावर पडायचं, मग पोटावर, तरी त्यांना पत्ता नसायचा. उठले की अंगणात येऊन तोंड धुता धुता सुनेला विचारायचे, "किती वाजले बाई?" ती म्हणायची, "साडेआठ, मामाजी." मग शेजारचं कोणी कुंपणापाशी उभं असलं की बाबा त्याला सांगायचे, "आज साडेआठ वाजले बरं!" यंदा धान किती झालं हे जसं एखादा सांगतो, तसं.

यात वाईट काय होतं, असं आज कोणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. तेव्हा मात्र माझ्याकडे उत्तरांची कमी नव्हती. उशिरापर्यंत झोपल्यानं अंगात जडपणा येतो. फुप्फुसांना पहाटेची हवा मिळाली पाहिजे. म्हातारपणी माणूस पडून राहिला की संपला. हे सगळं मी शिबिरातून ऐकून आलो होतो आणि मला ते बाबांच्या भल्यासाठीच सुचत होतं. दुसरीही एक गोष्ट होती, ती मी स्वतःला सांगत नव्हतो. मी घामेजून, ताजा होऊन घरी परत यायचो आणि माझ्याच घरात एक माणूस घोरत असायचा. मला ते बघवत नव्हतं. माझ्या शिस्तीला लागलेला डाग वाटायचा तो मला.

डिसेंबरात, धानाची कापणी उरकून त्याच बांध्यांत लाखोरीची डाळ उगवून आली होती तेव्हाची गोष्ट. थंडी मरणाची. मी बाबांच्या खांद्याला हात लावला.

"बाबा, उठा."

ते ताडकन उठून बसले. "काय झालं? कोणाले काय झालं?"

खाणीच्या वस्तीत अंधारात कोणी उठवलं तर ते कशासाठी, हे मला माहीत असायला पाहिजे होतं. मी तिथंच वाढलो होतो.

"कोणाला काही झालं नाही. फिरायला जायचं आहे."

"आता?"

"हो. आता रोज. तब्येतीसाठी."

खोलीत अंधार होता, त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मग त्यांनी पाय खाली सोडले आणि मफलर शोधायला लागले. एका शब्दानं त्यांनी मला विरोध केला नाही. केला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडणात कदाचित त्यांच्या बाजूनं काही बोललं गेलं असतं.

पहिले काही दिवस मी त्यांना बरोबर नेलं. पण त्यांची छाती साथ देत नव्हती. थोडं चाललं की ते नाल्यावरच्या रपट्यावर बसायचे आणि खोकायचे. मी शेजारी उभा राहून घड्याळ बघायचो. माझं चालणं राहून जात होतं, घाम येत नव्हता, पुढचं सगळंच मागे पडत होतं. म्हणून मी दोघांचे रस्ते वेगळे केले. मी तलावाच्या पाळीवर जाणार, त्यांनी सपाट रस्त्यानं बसस्टँडवरून रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत यायचं. आणि मी त्यांना म्हणालो, "तासभर झाल्याशिवाय घरी येऊ नका बरं का, नाहीतर उपयोग होत नाही."

घरी येऊ नका. हे मी वडिलांना म्हणालो. रिटायर होऊन पोराच्या घरी राहायला आलेल्या माणसाला. तेव्हा हे शब्द मला टोचलेसुद्धा नाहीत.

बाबा नेमानं जायला लागले. मी निघायच्या आधीच ते मफलर बांधून निघालेले असायचे आणि मी परत आल्यावर थोड्या वेळानं येऊन अंगणात बसायचे. मी विचारायचो, "कसं वाटलं?" ते म्हणायचे, "मस्त." त्यांची तब्येतही सुधारल्यासारखी दिसत होती. खोकला कमी, चेहरा शांत. मी ते चालण्याच्या खात्यावर मांडलं. स्टाफरूममध्ये सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं. एकदा शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी मुलांपुढे आळस या विषयावर बोलताना मी म्हणालो, "माझे वडील या वयात, या थंडीत, रोज पहाटे रेल्वे फाटकापर्यंत चालत जातात. आणि तुम्ही?"

मुलांच्या रांगांतून हसू फुटलं. आधी मागे, मग पुढेही. पोरं एकमेकांना कोपर मारत होती. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला हसतात, संस्कार नाहीत. मी मागच्या रांगांतल्या आठवीच्या दोन तुकड्यांना पहिला तास होईपर्यंत मैदानात उभं ठेवलं.

जानेवारीत एका सकाळी मी तलावाच्या पाळीकडे निघालो तर समोरून दोन माणसं परत येत होती. "गुरुजी, तिकडं नोका जाऊ. अस्वल बसलं हाय बोराच्या झाडाखाली." बोरं पिकली की अस्वलं यायचीच, त्यात नवल नव्हतं. मी वळलो आणि विचार केला, आज बाबांच्या रस्त्यानं जाऊ, वाटेत भेटतील.

बसस्टँडच्या कोपऱ्यावर एक सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदाराला सारं गाव चाचा म्हणायचं. तो पहाटेच्या नमाजेआधीच दुकान उघडायचा, बाजूला रॉकेलच्या स्टोव्हवर चहा ठेवायचा आणि पहिल्या बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, दूधवाले तिथं शेकत उभे राहायचे. मी दुरून विचारलं, "चाचा, आमचे बाबा इकडून गेले का?"

चाचानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला गुरुजी. पहिली पाळी चालू हाय."

मला कळलं नाही. त्यानं मानेनं मागे दाखवलं. टिनाच्या शेडखाली, टायरांच्या ढिगाऱ्याआड एक खाट होती. खाटेवर बाबा झोपले होते. मफलर कानाला, तोंड थोडं उघडं, अंगावर गोधडी. आणि ती गोधडी माझ्या घरची होती. बायकोनं तिच्या जुन्या साड्यांची शिवलेली, कडेला हिरवा काठ. मी ती घरात कित्येक दिवस पाहिली नव्हती, हे मला तेव्हा लक्षात आलं.

"रोज येतात?" मी विचारलं.

"रोज. टायमाचे पक्के. एक तास झाला का उठवजो म्हणते मले. मी उठवतो, चहा पाजतो, मंग जाते घरी."

"आणि ही गोधडी?"

"सूनबाई देऊन गेली. थंडी लय हाय म्हणे."

शेकणाऱ्यांपैकी एक कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, असं फिरणं आमालेही लावून द्या ना!" दुसरा म्हणाला, "डेपोत सांगून ठेवतो. गुरुजीच्या बाबाची ड्युटी, सिंदेवाही ते रेल्वे फाटक, विनाथांबा." सगळे हसले. चाचाही हसला. त्या हसण्यात विखार अजिबात नव्हता. मीही फक्त हसायला हवं होतं. हसून चाचाकडून एक कप चहा घ्यायला हवा होता, बाबांच्या पायथ्याशी बसायला हवं होतं, आणि सगळं तिथंच संपलं असतं. पुढं कित्येक वर्षं आम्ही घरात त्यावर हसलो असतो.

मला शाळेतली ती रांग आठवली. पोरांना माहीत होतं. चाचाला, दूधवाल्यांना, बसवाल्यांना माहीत होतं. माझ्या बायकोला माहीत होतं. शिबिरात शिकवल्याप्रमाणे मी श्वास बघितला का? नाही बघितला. मी खाटेजवळ गेलो आणि गोधडी ओढली.

"बाबा! उठा!"

ते उठले. डोळे मिटलेलेच होते. झोपेतच ते खाटेवरून खाली उतरले आणि उशाशी हातानं काहीतरी चाचपायला लागले, टोपी असावी, दिव्याची. आणि घाईघाईनं म्हणाले, "आलो बाबू, आलो. हाजरी लावजा. कापू नका बाबू, आलोच मी."

हसणं थांबलं.

खाणीच्या तोंडाशी हाजरी लिहिणारा बाबू बसायचा. भोंग्यानंतर आलेल्याची हाजरी तो कापायचा. बाबा त्याला आर्जवं करत होते. त्याला म्हणजे मला.

मग त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला नीट लिहिता येणार नाही. चोरी पकडल्यासारखं काहीतरी. माझ्यासमोर ते मान खाली घालून उभे राहिले. माझ्यासमोर.

चाचा पुढं झाला. त्यानं बाबांचा दंड धरून त्यांना खाटेवर बसवलं. "बसा भाऊ. चहा घ्या." माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. मलाही चहा दिला, तो मी घेतला नाही.

घरी येताना बाबा दोन पावलं मागे चालत होते. आमच्या घराच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, "उद्यापासून जातो बरोबर. पूर्ण जातो." मी म्हणायला पाहिजे होतं की बाबा, माझं चुकलं. मी म्हणालो, "राहू द्या आता."

बायकोनं माझ्या हातातली गोधडी बघितली आणि ती समजली.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुमाले?" ती म्हणाली. "पयले तुमी रागात राहात होते, तवा निदान राग उतरल्यावर बोलता येत होतं. आता तुमी शांत झाले. आता तं तुमी कोणाचं ऐकूनच नाई राह्यले."

मी म्हणालो की मी हे त्यांच्या भल्यासाठी केलं.

"हो ना," ती म्हणाली आणि गोधडी झटकून बाबांच्या खोलीत ठेवून आली.

त्या दिवसापासून मी बाबांना उठवणं बंद केलं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "तुम्हाला वाटेल तेवढं झोपा. फिरणं-बिरणं काही नको." ते "हो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठलो तर ते खाटेवर बसलेले होते. मफलर बांधून, हात मांडीवर, अंधारात. मला वाटलं एक दिवस असेल. पण रोज तेच. मी उठायच्या आधी ते बसलेले असायचे.

"झोपा ना बाबा."

"येतच नाई आता. तू जा, तुझा टाइम होऊन राह्यला."

रिटायर झाल्यावर खाणीतून सुटायला त्यांना किती दिवस लागले असतील, कोण जाणे. ऊन पोटावर येईपर्यंत झोपायला माणूस एका रात्रीत शिकत नाही. ते त्यांनी कमावलेलं होतं, आणि मी ते दीड महिन्यात मोडून ठेवलं. कुंपणापाशी उभं राहून "आज साडेआठ वाजले बरं" हे मी पुन्हा कधी ऐकलं नाही. दिवसभर ते खुर्चीत पेंगायचे आणि मी खोलीत आलो की सावरून बसायचे.

फेब्रुवारीत ते म्हणाले, "चार दिवस पोरीकडे जाऊन येतो." पेटी नेली तेव्हाच मला कळलं. लेक बसस्टँडवर रडली. बाबांनी तिला फुटाणे घेऊन दिले. मला म्हणाले, "चालणं सोडू नको. तुले मानवते ते."

चार दिवसांचा महिना झाला. मग मी एका रविवारी भद्रावतीला गेलो. बहिणीनं मला दारातच थांबवलं. "हळू ये. झोपले हाय बाबा." नऊ वाजून गेले होते. खिडकीवर तिनं जाड चादर टांगली होती. मी ओसरीत बसलो. ती चहा घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहिले पंधरा दिवस तं बसूनच राहत होते. आता आता लागून राह्यली झोप."

"मी न्यायला आलो आहे."

"काऊन?"

"लोक काय म्हणतील? मुलगा असताना..."

"लोक!" ती म्हणाली. "भाऊ, तू बाबाले झोपेतून नाई उठवलं. तू त्यायले घरातून उठवलं. आता राहू दे इथीच."

पंगतीतून एखाद्याला उठवतात तसं उठवणं तिला म्हणायचं होतं. त्या शिबिरातलं वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं. मी घर उठवलं होतं खरं.

बाबा जागे झाले तेव्हा माझ्याशी चांगलं बोलले. लाखोरी कशी आहे, शाळा कशी आहे, चाचा कसा आहे. परत येण्याबद्दल मी विचारलं तर म्हणाले, "येईन ना. पाऊसपाणी होऊ दे." मला माफी मागायची होती. बसमध्ये चार वेळा शब्द जुळवले होते. पण ते इतक्या सहजपणे बोलत होते की ते मधेच आणायला जागा सापडली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मी भेकड आहे, हे जास्त खरं.

ते नंतर बहिणीकडेच राहिले आणि काही वर्षांनी तिथंच गेले. झोपेत गेले, असं बहीण म्हणाली. पोराच्या घरी मरीन म्हणणारा माणूस. अंत्यविधीला चाचा बसनं आला होता. लोकांनी मला सांत्वनाचे दोन शब्द सांगितले, मी ते ऐकून घेतले.

मधल्या काळात ते एकदाच आमच्याकडे मुक्कामाला आले, दिवाळीच्या सुट्टीत, दोन रात्री. बहीण सोडून गेली होती. येण्याआधीच मी ठरवलं होतं की ते असेपर्यंत मी पहाटे उठायचं नाही. पाणी नाही, चालणं नाही, काही नाही. मी अंथरुणात पडून राहीन म्हणजे घरात कसलाच आवाज होणार नाही आणि ते झोपतील. तेवढं तरी मला त्यांच्यासाठी करता येईल असं वाटलं.

सवयीनं मला वेळेवर जाग आली. मी डोळे मिटून पडून राहिलो. बाहेरच्या खोलीतून त्यांच्या खाटेचा करकर आवाज आला. मग दाबलेला खोकला. ते बसलेले होते. मी उठण्याची ते वाट बघत होते आणि ते झोपण्याची मी वाट बघत होतो. विहारातला भोंगा सुरू होऊन वंदना संपली तरी आम्ही दोघं तसेच होतो. मग बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि मला बाबांचा आवाज आला.

"उठला नाई काय आज?"

"झोपले हायेत, मामाजी."

"बरं नाई काय त्याले?"

"काय माहीत. बरे असन."

पावलं माझ्या दाराशी आली, थांबली, मग आत आली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, त्यातली ती बारीक शिट्टी. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, मग मानेला, लहान मुलाला लावतात तसा. हात खरबरीत आणि थंड होता. त्या क्षणी मी डोळे उघडायला पाहिजे होते. दुसरं कोणी जवळ नव्हतं, अंधार होता, बोलणं सोपं होतं. मी श्वास एकसारखा ठेवला. तो कसा ठेवायचा, हे मी शिकलेलो होतो.

"ताप तं नाई," ते स्वतःशीच म्हणाले.

तेवढ्यात लेक जागी होऊन त्यांच्या मागं येऊन उभी राहिली असावी. "आबाजी," ती मोठ्यानं म्हणाली, "पप्पा खोटे झोपले हायेत. पाहा, डोळे हलून राह्यले."

"मले मालूम हाय," बाबा हळूच म्हणाले. "चाल, बाहेर चाल. झोपू दे त्याले. रोज उठतेच बिचारा."